ज्याची त्याची फाईल

सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकामागे, एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर नानांचं ऑफिस आहे. पाटी नाही. पाटी लावली की लोक प्रिंटर दुरुस्तीला आणतात, असं त्यांचं म्हणणं. सर्व्हरही इथं नाही; तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला. रॅम चार जीबी, म्हणजे कॉलेजच्या पोराच्या मोबाईलहून कमी. त्यावर जिल्हाभरातल्या तीसेक वेबसाइट नांदतात. भांडत नाहीत, कारण एकीचा नियम नाना दुसरीला लागू देत नाहीत.

‘सगळ्यांना एकच’ हे शब्द नानांना शिवीसारखे झोंबतात. टपरीवर ‘पाच कटिंग’ म्हणणं त्यांना जमत नाही. एक बिनसाखरेचा, एक आलं जास्त, एक अर्धाच, अशी प्रत्येकाची कुंडली ते मांडतात. टपरीवाला मान डोलावतो आणि पाचही ग्लास एकाच किटलीतून भरतो. नानांना ते दिसतं. पण किटली त्यांच्या अखत्यारीत नाही.

सर्व्हर मात्र आहे. तिथे प्रत्येक साइटला स्वतंत्र फाईल, स्वतंत्र युजर, स्वतंत्र पीएचपी पूल. संगमनेरचं एक वधूवर सूचक मंडळ घ्या. पीएचपी मुळात एका फाईलला 2 एमबी आणि अख्ख्या फॉर्मला 8 एमबी एवढंच घेते. लोक अपलोड करायचे मुलाचा मोबाईलवरचा फोटो, पत्रिका, आणि हल्ली न मागता सातबारा. फॉर्म 8 एमबीच्या वर गेला की पीएचपी कुरकुर न करता सगळंच टाकून देते. मंडळाकडे स्थळं यायची ती कोरी: नाव नाही, उंची नाही, गोत्र नाही. मंडळाच्या बाई म्हणाल्या, ‘‘नाना, आजकालची पोरं काहीच सांगत नाहीत हो.’’ नानांनी तेवढ्या साइटला फाईलमागे 10 आणि फॉर्मला 32 एमबी दिले. पोरं बोलू लागली. मग सगळ्यांनाच 32 का नाही? मी विचारलं तेव्हा नानांनी असं पाहिलं, जणू मी घराघरातल्या सुनांच्या वेण्या एकत्र बांधायला सांगितल्यात.

पारनेरच्या पतसंस्थेचं दुखणं वेगळं. मार्चअखेरीस ठेवींवरचं व्याज काढता काढता पीएचपीचे ठरलेले 30 सेकंद संपतात आणि अहवाल अर्ध्यात बसतो. म्हणून त्यांना 300 सेकंद. शिवाय त्यांची प्रणाली इतकी जुनी की पीएचपी 7 मध्ये काढून टाकलेल्या फंक्शनांवरच ती उभी. तिच्यासाठी नानांनी 5.6 ची वेगळी चूल मांडलीय. ‘‘चेअरमनसाहेब, डिसेंबर 2018 ला हिचा सपोर्ट संपला,’’ नानांनी बजावलं. चेअरमन म्हणाले, ‘‘आमचे हेडक्लार्क 2016 लाच रिटायर झाले. येतातच की रोज.’’

सर्वांत जास्त जीव मात्र अकोले तालुक्यात गुंतलाय. भंडारदऱ्याला एकजण तंबू भाड्याने देतो. मेअखेर ते जून, पाऊस धरायच्या आधी झाडं काजव्यांनी पेटतात आणि पुण्या-मुंबईची गर्दी एकदम साइटवर तुटून पडते. वर्षभर दोन प्रोसेसवर सुखाने चालणाऱ्या साइटला तेव्हा वीस लागतात. प्रत्येकीला 128 एमबीपर्यंत मुभा म्हटली तरी अडीच जीबी तिथेच गेली. मग शिर्डीच्या लॉजला आवळायचं. पण गुरुवारी नाही, आणि रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा यांना तर मुळीच नाही. यासाठी मॉनिटरशेजारी कालनिर्णय टांगलंय. इतर लोक त्यात दुधाचे खाडे लिहितात. नाना प्रोसेस लिहितात. खरं सांगायचं तर निम्म्या साइट मूळ सेटिंगवरही बिनबोभाट चालल्या असत्या. पण मग नानांनी दिवसभर काय करायचं?

हा सर्व्हर त्यांच्याकडे आला तेव्हा आधीच्या पोराने प्रत्येक फोल्डरला 777 दिलेलं होतं. म्हणजे कुणीही यावं, वाचावं, लिहून जावं. नाना घाम पुसत म्हणाले, ‘‘अरे, याने तर शिंगणापूर करून ठेवलंय! तिथं दाराला कडी नसली तरी शनिदेव बसलाय. इथं कोण बसणार?’’ तेव्हापासून बसतात नाना.

2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि गिऱ्हाइकांनी नव्या नावाचे पत्ते घ्यायचा सपाटा लावला. पतसंस्थेनेही घेतला, सर्व्हरकडे वळवला आणि नानांना सांगायचं राहून गेलं. आता अपाचीची रीत अशी, की मागितलेलं नाव कुठल्याच फाईलमध्ये सापडलं नाही तर तो सरळ पहिल्या फाईलमधली साइट दाखवतो. पहिली म्हणजे इंग्रजी अकारविल्हे पहिली. ‘ए फॉर अकोले’ने तंबूवाल्याचा नंबर लागलेला. सकाळी ठेवीदारांनी संस्थेचा नवा पत्ता उघडला, तर समोर काळोख, काजवे आणि ‘शेकोटीसह दोन रात्री’. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला, त्याला फार दिवस झाले नव्हते. ठेवीदार दुधानेच काय, ताकानेही पोळलेले. ‘संचालक पैसे घेऊन रानात गेले’ ही बातमी दहा वाजायच्या आत सुप्यापर्यंत पोचली. त्या गोंधळात दोघा ठेवीदारांनी तंबू बुक केले ते वेगळंच.

नानांनी त्याच दिवशी 000 नावाची फाईल सगळ्यांच्या पुढे उभी केली. आता चुकलेल्या माणसाला तिथे एवढंच दिसतं: ‘हा पत्ता इथला नाही. चौकशी करून यावे.’

त्या प्रकरणाचा जाब विचारायला चेअरमन आले, ते नानांच्या खुर्चीमागेच उभे राहिले. पडद्यावर शिर्डीच्या लॉजची फाईल उघडी होती. ‘‘हे 256 काय?’’

‘‘मेमरी. त्यांना फोटो लहान-मोठे करावे लागतात.’’

‘‘आणि आम्हाला?’’

‘‘128. तुम्हाला पुरते. निम्मी पडूनच असते.’’

‘‘लॉजला 256 आणि संस्थेला 128? नाना, आम्हाला संचालक मंडळ आहे. मी वार्षिक सभेत काय सांगू?’’

नानांनी वाद घातला नाही. पतसंस्थेची फाईल उघडली, नवी ओळ घेतली, आधी एक अर्धविराम दिला आणि पुढे 512 लिहिलं. या फाईलमध्ये अर्धविरामाने सुरू होणारी ओळ पीएचपी वाचतच नाही. चेअरमननी वाचली. मोबाईलमध्ये फोटो काढला, चहा घेतला आणि समाधानाने पारनेरची गाडी धरली.

संध्याकाळी तंबूवाल्याचा फोन. ‘‘नाना, पतसंस्थेला 512 दिले म्हणे. आम्ही काय घोडं मारलं?’’

‘‘कशाला चिडतो? तुला 1024 लिहितो,’’ नाना म्हणाले आणि कीबोर्डवर अर्धविराम शोधू लागले.