जाता जाता, माझंही एक पुस्तक आहे

दुसऱ्याच्या मांडवात आपलं नाव किती मोठ्यानं घ्यावं, याचा नियम कुठल्याच धर्मशास्त्रात सापडत नाही. मुंजीत बटूनं आचमन कधी करायचं ते लिहिलेलं आहे. पण त्याच मुंजीत मामाच्या मित्रानं विम्याची माहितीपत्रकं कधी बाहेर काढावीत, जेवणाआधी की विड्यानंतर, यावर सगळे ग्रंथकार गप्प आहेत.

त्यामुळे ज्यानं त्यानं आपापली वहिवाट पाडली. आमच्या आईच्या पिढीनं ती स्टीलच्या भांड्यांवर पाडली. आहेरात दिलेल्या डब्यावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख. भांडेवाल्याच्या मशीनची सुई घरघरत ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरायची. त्यात सोयही होती. शेजारच्या कार्याला गेलेलं पातेलं मुकाट घरी परत यायचं. आमच्याकडे पोह्यांचा असा एक डबा आहे. तो देणारे गृहस्थ नात्यानं आमचे कोण लागत होते, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. पण त्यांचं नाव सकाळी पोहे काढताना आजही वाचलं जातं. जाहिरातीच्या धंद्यातल्या भल्याभल्यांना हे साधलेलं नाही. अर्थात त्यांनी डबा खरोखर दिला होता, आणि चांगला जाड पत्र्याचा दिला होता.

नाक्यावरच्या फ्लेक्सवर डबा नसतो. वाढदिवस ज्यांचा आहे ते दादा मधोमध, शुभेच्छा एका ओळीत, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून मुंडक्यांची रांगच्या रांग. निम्म्यांचे चष्मे काळे, उरलेल्यांच्या कानाला मोबाईल. वारा सुटला की दादा आधी फाटतात, शुभेच्छुक लोंबकळत राहतात.

पण या कलेचं खरं माहेरघर म्हणजे व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. मराठी माणसाला तासभर गप्प बसून ऐकायची सवय अशा सभांनी लावली. त्या तासाचा सूड तो शेवटच्या दहा मिनिटांत घेतो.

प्रसंग नेहमीचाच. एक बाई कोकणातल्या देवरायांवर बोलल्या. अभ्यास दांडगा, भाषा साधी. संयोजक माईकवर येऊन म्हणाले, "प्रश्न थोडक्यात विचारा. आणि कृपया प्रश्नच विचारा." दुसरं वाक्य म्हणताना त्यांची नजर तिसऱ्या रांगेवर होती, आणि ती उगीच नव्हती. तिथून एक काका उठले. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, आणि शबनमला आतून चौकोनी कोपरे आलेले. माईक त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत त्यांची प्रस्तावना झाली होती.

"बाई, फारच सुंदर मांडणी! मला प्रश्न असा नाही, थोडी भर घालायची आहे."

देवराईत झाडं असतात. झाडांमुळे हवा शुद्ध राहते. शुद्ध हवा आपण नाकावाटे घेतो. नाकाशी पोचल्यावर काकांनी क्षणभर दम घेतला, आणि मग थेट प्राणायामात शिरले. "योगायोगानं याच विषयावर, म्हणजे दमा आणि प्राणायामावर, माझं छोटंसं पुस्तक आहे. मूळ किंमत दोनशे. आज इथे जमलेल्या रसिकांसाठी दीडशे. प्रती सोबत आहेत." देवराईतून दम्यापर्यंतचा हा घाट इतक्या कमी वळणांत उतरून दाखवणारा माणूस सामान्य नव्हे. बाई हसल्या. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाचं टेबल बाहेर जिन्यापाशी मांडलेलं होतं, आणि ते त्यांनी तासाभरात एकदाही सांगितलं नव्हतं.

काकांचा मला राग येत नाही. पदरमोड करून छापलेल्या प्रती पलंगाखाली पडून असल्या की पलंगावर झोप लागत नाही, हे मला ठाऊक आहे. मला वाईट वाटलं ते 'फारच सुंदर मांडणी' या शब्दांचं. ते ऐकून मीही मान डोलावली होती. पिशवी उघडली तेव्हा कळलं की ती स्तुती म्हणजे पुस्तकाभोवतीचा वेष्टणाचा कागद होता. आता कुणीही सभेत उठून 'सुंदर' म्हणालं की माझं लक्ष आधी त्याच्या खांद्याकडे जातं.

शोकसभेबद्दल फार लिहीत नाही. गेलेल्या माणसानं वक्त्याच्या पहिल्या कवितासंग्रहाची पाठ कशी थोपटली, दुसऱ्याला प्रस्तावना कशी दिली, आणि तिसरा वाचायचा मात्र राहूनच गेला, एवढं ऐकलं की तिसऱ्याचं प्रकाशन कधी आहे तेही कळतं.

यावर कुणी म्हणेल, संतांनीही अभंगात नाव घातलंच की. घातलं. पण 'तुका म्हणे' येतं ते बहुधा शेवटी, सांगायचं ते सांगून झाल्यावर. एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूचं नाव जोडून 'एका जनार्दनी' केलं, आणि जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवून मोकळी झाली. पत्ता द्यायचाच, तर दुसऱ्याच्या घरचा.

नम्रतेचा विषय निघाला की लोक मला रायगडावर नेतात. जगदीश्वराच्या मंदिरापाशी एका पायरीवर कोरलंय, 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर'. राजधानी उभी करणाऱ्या हिरोजींनी महाराजांकडे दुसरं काही न मागता फक्त पायरीवर नाव मागितलं, अशी आख्यायिका आहे. पायरीचा फोटो सगळेच काढतात. पण त्याच मंदिराच्या भिंतीत एक संस्कृत शिलालेखही आहे, आणि त्यातही हिरोजींचं नाव आहे. शिवाय विहिरी, तळी, बागा, रस्ते, गजशाळा, राजवाडे अशी केलेल्या कामांची यादी, आणि चंद्रसूर्य असेपर्यंत हे टिको अशी इच्छा. पायरीवर एका ओळीत नम्र, भिंतीवर सविस्तर! मला हा माणूस त्यामुळे जास्तच आवडतो. यादीतलं बांधकाम डोळ्यांसमोर उभं असताना कुणाची बिशाद आहे 'जाहिरात' म्हणायची?

बांधकाम न करता नाव कोरणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. बाणानं छेदलेला बदाम, दोन नावं, आणि खाली तालुका. तालुका कशासाठी, हे मला कधी उमगलेलं नाही. रायगडासारख्या संरक्षित स्मारकावर असं काही केलं तर १९५८ च्या कायद्यानं, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं. पोलिसांचं काम मात्र सोपं; तालुका लिहिलेलाच असतो.

माझं म्हणाल तर मी सभेत बोललो तरी स्वतःच्या पुस्तकाचं नाव काढत नाही. नेमकं बोललं की लोक आपणहून विचारतात, असं मी बायकोला नेहमी सांगतो. ती म्हणते, "मग पलंगाखालची धूळ तुम्हीच काढा." अलीकडेच एका कार्यक्रमात मी गावठी तांदळाच्या वाणांबद्दल प्रश्न विचारला. अर्ध्या मिनिटात, एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह ऐकू येईल असा. वक्ते म्हणाले, "फार चांगला प्रश्न." मी खाली बसलो. बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही.

कार्यक्रम संपला. गर्दीतून वाट काढत एक गृहस्थ थेट माझ्यापाशी आले.

"मघाशी प्रश्न विचारणारे आपणच ना? आपण लेखक आहात का?"

मी बायकोकडे पाहिलं. मग जमेल तितक्या संकोचानं म्हणालो, "तसं आहे खरं. म्हणजे एक छोटंसं पुस्तक..."

"मग ती फाटकात आडवी लावलेली निळी स्कूटर तुमचीच. पुढे 'लेखक' लिहिलंय. जरा काढता का, माझी गाडी अडकलीय."