बँजोबुवा

नॉर्थ कॅरोलिनात कुठेही घर घ्या, दोन गल्ल्या सोडून एखादा बँजोबुवा राहत असतोच. साठीच्या अलीकडे-पलीकडे, पांढरी दाढी, पोटापाण्याला सॉफ्टवेअर नाहीतर दातांचा दवाखाना. ॲपलेशियाचे डोंगर यांनी पाहिले ते गाडीच्या काचेतून. पण शनिवारी बँजो मांडीवर आला की बोलणं असं, जणू पणजोबांनी त्याच उतारावर मका पेरला होता.

हा बँजो म्हणजे आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला कळा दाबायचा बेंजो नव्हे. गोल कड्यावर ताणलेलं कातडं, लांब दांडी, पाच तारा, त्यातली पाचवी दांडीच्या मध्यातूनच निघालेली. मागची बाजू उघडी. तिथे बुवा जुना मोजा कोंबतात, म्हणजे आवाज मऊ होतो. शेजाऱ्यांच्या मते मोजा फार लहान आहे.

‘ब्लूग्रास वाजवता का?’ असं मात्र विचारू नये. १९४५ साली बँजोवाला अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या ब्लूग्रास ताफ्यात आला, तीन बोटांत नख्या घालून भरधाव वाजवू लागला, आणि बुवांच्या लेखी तिथून कलियुग सुरू झालं. बुवा क्लॉहॅमरवाले. बोटाच्या नखाने तार वरून खाली ठोकायची आणि अंगठ्याने ती आखूड पाचवी छेडायची. बम्-डिटी, बम्-डिटी. हाच ठेका सिग्नलला थांबल्यावर स्टिअरिंगवर आणि मीटिंगमध्ये टेबलावर.

बुवांचं दैवत टॉमी जॅरेल. माउंट एअरीजवळचा हा माणूस, नोकरीभर राज्याच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवत होता. बँजो घरी ऐकून ऐकून शिकला. म्हणून बुवांनाही कागदावरचं नोटेशन वर्ज्य. ते जॅरेलचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर निम्म्या वेगाने लावतात, कोणती धून कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या म्हाताऱ्याची, तारा कशा लावलेल्या, याची स्प्रेडशीट ठेवतात. रेकॉर्डिंगमध्ये एका जागी बोट किंचित घसरतं. ती घसरण बुवांनी महिनाभर घोटली. मला वाटतं, जॅरेलला तिथे खोकला आला असावा.

एक गोष्ट मात्र बुवा आवाज खाली आणून आणि नीट सांगतात: गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून हे वाद्य घडवलं. हे ऐकताना त्यांच्या बाकीच्या थापा माफ कराव्याशा वाटतात.

बैठक म्हणजे गोल. श्रोत्यांकडे सगळ्यांची पाठ, कारण श्रोते अपेक्षितच नसतात. धुनेचे भाग दोन, प्रत्येक दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून, दहा-पंधरा मिनिटं. संपवायचं झालं की फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, पाय वर उचलतो. बुवांचे डोळे मिटलेले, त्यामुळे पुढची फेरी ते एकटेच सुरू करतात. मग कोणी ‘आता डी’ म्हणत सूर बदलला की सगळे बँजोवाले खुंट्यांचे कान पिळायला बसतात. तेवढ्यात फिडलवाल्याचं सँडविच खाऊन होतं.

रजा शिल्लक असते ती वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लिफटॉपच्या जत्रेसाठी. तिथे तंबूत पहाटेपर्यंत वाजवायचं. स्पर्धेत मात्र उतरायचं नाही, परीक्षकांना जुनं कळत नाही.

हल्ली बुवा फिडलकडे वळलेत. फिडलच्या पोटात रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा टाकायची जुनी चाल आहे. तो खुळखुळा त्यांनी मागवलाय, काचेच्या बाटलीत जपून ठेवलाय. फिडल अजून घ्यायची आहे.