रेंजवाले काका

रेंजवाले काका रेल्वेनं येत नाहीत. उंबरमाळीला फक्त कसारा लोकल थांबते. लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्याकडे न बघता पुढे जातात आणि घाट चढायला मागून इंजिनं लावून घेण्यासाठी कसाऱ्याला उभ्या राहतात. काका येतात ते मुंबई-नाशिक हायवेनं, स्वतःचं घर स्वतः चालवत. हे घर म्हणजे सेकंडहँड ट्रॅव्हलर. सीटा काढून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि छपरावर सोलर. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्या दिवसापासून काका या गाडीबद्दल बोलताना 'शासनानंही आता मान्य केलंय' असं म्हणतात.

त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. गावातल्या पोरांनी ठेवलेलं नाव चिकटलं, आणि ते एकट्याचं राहिलंही नाही. पावसाळ्यात शनिवार उजाडला की खर्डीपासून कसाऱ्यापर्यंत हायवेच्या आजूबाजूला असे चार-पाच रेंजवाले काका सहज सापडतात. ओळखायची खूण सोपी. बाकीची मंडळी धबधब्याकडे तोंड करून उभी असतात, काका धबधब्याकडे पाठ करून. कारण टॉवर तिकडे असतो.

वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बँकेत, नाहीतर एखाद्या कंपनीच्या 'सिस्टिम' खात्यात झालेली. मुक्काम डोंबिवली. निवृत्तीनंतर कन्सल्टन्सी नावाचं काहीतरी चालू असतं आणि त्यासाठीच नेट लागतं. कन्सल्टन्सी कोणाला आणि कशाबद्दल, हे विचारायची पद्धत नाही.

पहिल्या वर्षी काकांकडे डोंगल होतं. ते लॅपटॉपला खोचायचं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन खिडकीला चिकटायचं. पण गाडीचं अंग पत्र्याचं, आणि पत्रा लहरी अडवतो. त्यामुळे आत एक कांडी, बाहेर तीन. यावर काकू म्हणाल्या, "मग बाहेरच बसा की. नाहीतरी त्यासाठीच आलोय ना?" मुद्दा इतका बिनतोड होता की काकांनी त्याच आठवड्यात नवं यंत्र मागवलं.

हे दुसरं यंत्र साबणाच्या वडीएवढं, खिशात मावणारं हॉटस्पॉट. बॅटरीवर चालतं, आठ-दहा फोन जोडता येतात. काका-काकूंचे मिळून फोन दोन, तरी आठ-दहा जोडता येतात याचा काकांना आनंद. मात्र त्यात एका वेळी एकाच कंपनीचं सिम बसतं. आणि आमच्या शहापूर तालुक्यात कंपन्यांनी डोंगर वाटून घेतल्यासारखे आहेत. हायवे आणि रेल्वेच्या कडेनं सगळ्यांची रेंज, पण एक टेकाड ओलांडून आत गेलात की ज्याच्या टॉवरची नजर पडेल त्याचंच राज्य. डोळखांबच्या बाजूला एकाची, तर मुरबाडमध्ये माळशेजकडे वळल्यावर दुसऱ्याचीच. काकांनी खिशात चार कंपन्यांची चार सिमं बाळगली, ती काढायची पिनही बाळगली आणि पहिल्याच पावसाळी मुक्कामात ती पिन चिखलात पाडली. काकूंच्या कानातल्या रिंगच्या तारेनं काम भागलं. रिंग अजून सरळ झालेली नाही.

मग आला राउटर. दोन सिमांचा, बारा व्होल्टवर चालणारा, म्हणजे गाडीच्या बॅटरीला थेट जोडता येतो. त्याला छपरावर अँटेना आणि अँटेनाला दोन केबली. दोन कशाला, असं विचारण्याचा गाढवपणा एकदा माझ्या चुलतभावानं केला. त्याची म्हैस पाण्यावर न्यायची वेळ टळून गेली तरी काकांचं उत्तर संपलं नव्हतं. त्यात दोन केबली मागेच राहिल्या, पण उत्तराचा गाभा खरं तर चांगला आहे. फोरजीच्या लहरी एका जातीच्या नसतात. ८५० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, झाडाझुडपांतून वाट काढते. २३०० ची लहर जास्त माल वाहते, पण लाडावलेली. भिंत दिसली की तिथंच बसते. सागाच्या आणि पावसाच्या मुलखात तुमचं यंत्र ती खालची लहर पकडतं का, हे आधी बघायचं आणि मग किमतीकडे. हे काका इतक्या पोटतिडकीनं सांगतात की म्हैसही ऐकत असावी. फक्त स्वतःच्या गाडीत त्यांनी केबल दिसू नये म्हणून ओट्यामागून फिरवून, पलंगाखालून, भलतीच लांब नेली. केबल जितकी लांब तितका सिग्नल वाटेत गळतो. छपरावर अँटेनानं जे कमावलं ते पलंगाखाली पोचेस्तोवर खर्ची पडलं.

काका कांड्यांवर विश्वास ठेवत नाहीत. कांड्या म्हणे फसव्या, सिग्नलचा खरा आकडा वेगळा. तो आकडा नेहमी उणे असतो. उणे ११० म्हणजे हाल, उणे ८५ म्हणजे दिवाळी. पहाटे चार वाजता गाडीतून "पंच्याऐंशी! उणे पंच्याऐंशी!" अशी आरोळी आली, तेव्हा शेजारच्या मळ्यातला राखणदार काठी घेऊन धावत आला होता. काकूंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "काही नाही हो, यांची तब्येत चांगली आहे."

आता एवढं करून नेट मिळाल्यावर काका त्याचं काय करतात? तर ते नेटचा वेग मोजतात. आधी एका सिमवर, मग दुसऱ्या सिमवर, मग अँटेना दोन बोटं डावीकडे फिरवून पुन्हा पहिल्यावर. वेग मोजायलाही नेट खर्ची पडतं हे त्यांना मान्य आहे, "पण मोजल्याशिवाय कळणार कसं?" दिवसाचा कोटा दुपारच्या जेवणाआधी मोजण्यातच संपतो. उरलेला दिवस ते वहीत आकडे लिहितात. संध्याकाळी काकूंना नातवाशी व्हिडीओवर बोलायचं असतं, तेव्हा त्या चपला घालतात आणि टेकाडावरच्या आंब्याखाली जातात. तिथं त्यांच्या साध्या फोनवर नातू लख्ख दिसतो.

तो आंबा अख्ख्या वाडीचा आहे. आमच्याकडे रेंजचा नकाशा पोरासोरांना पाठ असतो. बँकेचा ओटीपी शाळेच्या पायरीवर येतो, गॅसचा मेसेज विहिरीच्या काठावर, आणि बोलायचं असेल तर आंबा. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर गेली तेव्हा याच आंब्याखाली पोरं वह्या घेऊन बसत. लाइट गेली की टॉवरची बॅटरी थोडा वेळ तग धरते आणि मग टॉवरही आडवा होतो. त्या दिवशी आंब्याखाली फक्त आंबाच असतो. तानसा, भातसा, मोडकसागर इथून निघालेलं पाणी डोंगरदऱ्या ओलांडून बिनबोभाट मुंबईच्या नळाला पोचतं, उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो, आणि मुंबईची रेंज मात्र आसनगाव सोडल्यावर धापा टाकायला लागते. चुलतभावाचं म्हणणं, पाण्याच्या पाइपातूनच उलटी रेंज पाठवता आली तर बघा. काकांनी हेही वहीत लिहून घेतलं.

मध्यंतरी त्यांच्या डोक्यात बिनतारी नेटच्या एअरफायबरनं घर केलं. पण ते घराच्या पत्त्यावर बसवून मिळतं, आणि काकांचं घर सोमवारी एका पत्त्यावर तर शुक्रवारी दुसऱ्या. फोनवरच्या मुलीनं पत्ता विचारला. काका म्हणाले, "सध्या तानसाच्या बॅकवॉटरला आहोत." तिनं लँडमार्क विचारला. काका म्हणाले, "म्हशी." फोन तिकडून कटला की रेंज गेली, हे अजून ठरलेलं नाही. उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकला २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाल्याची बातमी आली, तेव्हापासून काका मोकळं आभाळ शोधत फिरतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मोकळं आभाळ म्हणजे काय, हे त्यांना हळूच सांगायला हवं.

काकांचा खरा कस लागला तो मुरबाडजवळच्या म्हसाच्या जत्रेत. पौष पौर्णिमेची ही जत्रा बैलबाजारासाठी नावाजलेली. माणसं इतकी की आपला हात आपल्याला शोधावा लागतो. काकांनी गाडी लांब लावली, यंत्र खिशात घातलं आणि म्हसोबाला नमस्कार करून पहिल्यांदा आकडा बघितला. उणे ७०! आयुष्यात न दिसलेला आकडा. कांड्या काठोकाठ. मग घोंगडीवाल्याकडे एक जाडजूड घोंगडी पसंत केली आणि पैसे द्यायला त्याचा क्यूआर स्कॅन केला. चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. टॉवर एक आणि त्याला लटकलेली जत्रा सगळी. सिग्नल कितीही जोरदार असला तरी वाट तेवढीच, आणि वाटेत अख्खा बाजार उभा. हे काका घोंगडीवाल्याला आकृती काढून समजावू लागले. घोंगडीवाला म्हणाला, "काका, तुमचं खरं हाय, पन घोंगडी सोडा." काकूंनी कमरेच्या बटव्यातून नोटा काढल्या, घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले आणि घोंगडी काकांच्या खांद्यावर टाकली.

हल्ली ती ट्रॅव्हलर उंबरमाळीला कमी दिसते म्हणून मी डोंबिवलीला गेलो तेव्हा सहज चौकशी केली. गाडी त्यांच्याच इमारतीखाली उभी होती, छपरावर अँटेना, आत घोंगडी पांघरून काका. तिथं म्हणे फाइव्हजी येतं, दोन्ही सिमांवर, आणि सोलरमुळे वीजबिलही नाही. जेवण काकू वरून डब्यातून पाठवतात. पाहुण्यांची जागा अडवल्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीनं काकांना नोटीस पाठवली, ती व्हॉट्सॲपवर. काकांनी मला ती उघडून दाखवली. "बघ," ते म्हणाले, "त्यानं वर तिसऱ्या मजल्यावरून पाठवली आणि इकडे फोटोसकट, लगेच."