बसा, धावायचं आहे

धावण्याची प्रेरणा कशी मिळवावी, या विषयावर परवा वर्ध्यात एक व्याख्यान झालं. विषय धावण्याचा, म्हणून ते मैदानावर ठेवलं होतं. आणि मैदानावर ठेवलं होतं, म्हणून तिथं रोज पहाटे धावणाऱ्या पोरापोरींना आधीच सांगून ठेवलं, की मंडप टाकायचा आहे, आता कार्यक्रम होईस्तोवर इकडे फिरकू नका.

खुर्च्यांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर पांढरे सॅटिनचे झगे, पाठीवर जांभळ्या फितीची गाठ. लग्नात असतात त्याच. पुढच्या दोन रांगांत सोफे. सोफ्यांपुढे टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या, काजूची बशी आणि फुलदाणी. ज्याला प्रेरणेची गरज जास्त, त्याचं आसन जास्त मऊ, असा हिशेब असावा. कारण सोफ्यांवरच्या मंडळींना खरोखरच गरज होती. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खुर्ची डुगडुगते म्हणून तक्रार केली, तर त्यांच्यासाठी एक स्वयंसेवक मैदानाच्या पार टोकापासून दुसरी खुर्ची डोक्यावर घेऊन पळत आला. अख्ख्या कार्यक्रमात धावला तो एवढाच.

बाहेर टपरीवर चहावाला गिऱ्हाइकाला विचारत होता, "धावाचं हाय, त बसले कायले बाप्पा?" त्याला प्रेरणा मिळालेली नव्हती. पास नव्हता ना.

प्रमुख पाहुणे गाडीनं आले. गाडी थेट मंचाला लागावी म्हणून पोरांनी स्वतःच्या पैशानं आणून मारलेल्या फक्कीच्या रेघांवरून ती आली. मग स्वागत, मग सत्कार, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत, मग परिचय. परिचय चालला होता तेवढ्या वेळात पोलीस भरतीचं एखादं पोरगं १६०० मीटर धावून, दम खाऊन, पुन्हा १६०० मीटर धावलं असतं. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, आधी मनात धावा, पाय आपोआप धावतील. टाळ्या. त्यानंतर त्यांनी त्या ग्रीक जासुदाची गोष्ट सांगितली. मॅरेथॉनच्या रणांगणावरून तो अथेन्सपर्यंत धावत गेला, जिंकल्याचा निरोप दिला आणि जागीच मेला. यावरही टाळ्या! ज्या दंतकथेत धावणारा शेवटी मरतो, ती साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसांना पहाटे उठवण्यासाठी सांगायला धाडस लागतं.

टाळ्यांचं मला आधी नवल वाटलं. एवढ्या कशाला? मग शेजारच्या गृहस्थांच्या मनगटाकडे लक्ष गेलं. पावलं मोजणारं घड्याळ. हात हलला की या घड्याळाला पाय हलल्यासारखं वाटतं. त्याच्यापुरता प्रत्येक टाळीचा एक ठोका म्हणजे एक पाऊल. आमचे गृहस्थ सोफ्याच्या मागच्याच खुर्चीवर बसून अशी पावलं टाकत होते. 'ध्येय' म्हटलं की टाळ्या, 'शिस्त' म्हटलं की टाळ्या, माईक बंद पडला तरी टाळ्या. आभारप्रदर्शनाला एरवी लोक चपला शोधतात; इथं ते सर्वांत जोरात वाजवत होते, कारण बऱ्याच जणांचं दिवसाचं उद्दिष्ट थोडक्यात राहिलं होतं. हे दहा हजार पावलांचं उद्दिष्ट तरी कुठून आलं? टोकियो ऑलिंपिक १९६४ साली झालं, त्यानंतर १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा गोल होता, खपायला बरा होता. तो आज वर्ध्यातल्या मनगटांवर चढून बसला आहे आणि टाळ्यांवर भागवतो आहे. उद्या कुणी पोळ्या लाटताना, झाडू मारताना या घड्याळाकडे बघितलं, तर घरात खरी मॅरेथॉन कोण धावतं ते कळेल. पण ती बाई व्याख्यानाला नव्हती. तिला पास मिळाला असता, तरी मागून पोह्याला तर्री कोणी केली असती?

मॅरेथॉनचं अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटरच का, हे मात्र पाहुण्यांनी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, कारण श्रोत्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. सुरुवातीच्या मॅरेथॉन साधारण चाळीस किलोमीटरच्या असत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू केली आणि संपवली ती स्टेडियममध्ये, राजघराण्याच्या आसनांसमोर. भरलं तेवढं अंतर भरलं. १९२१ मध्ये तेच कायम झालं. म्हणजे आज जगातला प्रत्येक मॅरेथॉनवाला शेवटी खुर्चीपर्यंतच धावतो. आमचं वर्धेकरांचं एवढंच, की आम्ही मधले ४२ किलोमीटर गाळले.

इथवर ठीक होतं. हसून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मंडप निघाला आणि मागे काय राहिलं, तर खांबांचे खड्डे. ओळीनं. वीतभर खोल, काहींत विटांचे तुकडे, आजूबाजूला खिळे, तारा आणि काजूची पाकिटं. आणि इथं अनवाणी धावणारीही पोरं आहेत.

शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण; १०० मीटरला १५; गोळाफेकीला १५. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर पुरे वीस. निम्मे गुण नसतील, तर लेखी परीक्षेचं दारही दिसत नाही. देवळी, सेलू, समुद्रपूरच्या खेड्यांतून येऊन वर्ध्यात खोली करून राहिलेलं पोरगं पहाटे साडेचारला का उठतं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. बापाचा कापूस कोणत्या भावानं गेला, ते त्याला पाठ आहे. त्याला हवं आहे चारशे मीटरचं सपाट वर्तुळ, ज्याच्या चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. फक्त सपाट. सोफा नको, काजू नको, आणि तुमची प्रेरणा तर मुळीच नको!

मोटारींना धावायला आपल्या सेलू-आर्वीच्या शेतांतून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. गाडीला कधी कुणी म्हटलं का, की आधी मनात धाव? तिला आधी रस्ता दिला. पोरांचं मैदान बंद झालं की ती डांबरी रस्त्यावर धावतात, अंधारात, ट्रकच्या दिव्यांसमोर. अशा पोरांना गाडीनं उडवल्याच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतो. आणि मुली तर रस्त्यावरही जात नाहीत. घरचे म्हणतात, "मैदान बंद हाय ना? मंग राहू दे." मंडप चार दिवसांचा असतो, एखादीचं हे 'राहू दे' तिथंच कायमचं राहतं. उन्हाळा तोंडावर आहे. पारा पंचेचाळिशीला टेकला, की पहाटेचे दोन तास सोडले तर इथं धावायला दिवस उरत नाही.

प्रेरणा घेतलेली मंडळी त्या दिवसापासून कुठे धावली, तेही बघितलं. हनुमान टेकडीच्या पायथ्याशी गाड्या लावून काढलेले उगवत्या सूर्याचे फोटो आले आहेत. खाली लिहिलं आहे, 'सोमवारपासून नक्की.' कोणत्या सोमवारपासून, ते नाही.

आयोजकांना विनंती आहे. पुढचं व्याख्यान सभागृहात घ्या. वर्ध्यात सभागृहं भरपूर आहेत, आणि तिथल्या खुर्च्या फिक्स असतात, डुगडुगत नाहीत. आणि या मैदानावरचे खड्डे मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून बुजवा. नुसती माती लोटू नका, ती पहिल्या पावसात खचते. त्याआधी खिळे उचला.