आपोआप, पण बटण दाबून

स्वयंचलनाचं कौतुक सांगून झालं की विक्रेता हळूच एक बटण दाखवतो: हे हाताने चालवायला!

कर्मचाऱ्यांची खाती सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा प्रणालीत ‘लाइफसायकल वर्कफ्लो’ नावाची सोय आहे. माणूस रुजू झाला, विभाग बदलला, नोकरी सोडली, की त्याची खाती आणि परवानग्या आपोआप मार्गी लागाव्यात, हा हेतू. यंत्रणा एरवी दर 3 तासांनी डोळे उघडून कोणाची पाळी आली ते बघते. आपल्या आस्थापना विभागापेक्षा चपळच म्हणायची. पण ज्याला आत्ताच्या आत्ता हाकलायचंय, त्याच्यासाठी 3 तास कोण थांबणार? म्हणून बटण. नाव निवडा, चालवा. हा माणूस ठरलेल्या अटींत बसतो का, हेही ते विचारत नाही. तत्काळ बडतर्फीचा साचा तर तयारच मिळतो. साहेबांच्या रागाला वेळापत्रक नसतं, हे बनवणाऱ्यांनी बरोबर ओळखलंय.

नव्या पोराची गोष्ट निराळी. तो पहिल्या दिवशी पासवर्डाची वाट बघत चहा पितो, दुसऱ्या दिवशीही पितो. विचारलं तर उत्तर एकच: ‘सिस्टीममध्ये आहे, आपोआप होईल.’ म्हणजे काढताना माणसाचा हात, घेताना यंत्राची मर्जी. शिवाय बटण कोणी दाबलं याची नोंद राहते, आणि नोंदीत नाव यायला आपल्याकडे फारसं कोणी उत्सुक नसतं.

ॲडमिनसाहेब, तेच बटण रुजू होणाऱ्यांसाठीही चालतं. दाबा की एकदा!