एकाच रुळावर दोघी!

तुमच्या कानावर अजून आलं नसेल तर आमच्याकडूनच ऐका. चांगली शिकलेली, पेन्शनीत निघालेली, नातवंडांना शाळेत सोडून येणारी माणसं घरात दोन-दोन ठेवतात! एक जुनी, एक नवी. तेही बायकोच्या डोळ्यांदेखत. जाब विचारावा तर मान खाली घालायचं सोडून म्हणतात, “खाली या ना, दाखवतो.” खाली म्हणजे तळघरात. तिथे भलंथोरलं टेबल, टेबलावर रूळ, बोगदे, पूल, स्टेशनं, आणि त्यावर त्या दोघी. एक १९५० च्या आसपासची, ओतीव जस्ताच्या अंगाची, रंगाचे टवके उडालेली, चालताना घरघरणारी. दुसरी परवाच खोक्यातून निघालेली, फोनवरून हाकता येणारी, शिट्टी मारणारी, धूर सोडणारी, थांबताना ब्रेकचा कर्कश आवाजसुद्धा काढणारी. मॉडेल रेल्वेचा नाद म्हणतात तो हाच.

नादाला आमची हरकत नाही हो. पण नादालाही काही रीत असते. जुनीवाले जुनीशी एकनिष्ठ असायचे. काचेचं कपाट, मऊ फडकं, तेलाचा एक थेंब, आणि प्लास्टिकचा डबा दिसला की नाकाला रुमाल. नवीवाले आपल्या चिपा, स्पीकर आणि स्क्रीन यांत रमलेले. जुन्या इंजिनाला ते सरळ ‘पत्र्याचं खेळणं’ म्हणायचे. दोन्ही आळ्या एकमेकींचं पाणी प्यायच्या नाहीत. सगळं कसं सुरळीत चाललं होतं! आता बघावं तर सकाळी जुनी, संध्याकाळी नवी, आणि माणूस दोन्ही वेळा खूश.

थोरामोठ्यांनी काही वळण लावावं, तर तिकडेही आनंदच. बव्हेरियाचे मुख्यमंत्री आणि पुढे जर्मनीचे गृहमंत्री झालेले होर्स्ट झेहोफर यांच्या तळघरात आगगाडी आहे, हे साऱ्या जर्मनीला ठाऊक. बरं, नुसती गाडी नाही; तिथे अँगेला मर्केलबाईंची चिमुकली बाहुलीही उभी केलेली! गायक रॉड स्ट्युअर्ट यांची तऱ्हा याहून न्यारी. गाण्याच्या दौऱ्यावर निघाले की हॉटेलात एक जादा खोली घ्यायचे. कशासाठी, ते विचारून आम्हीही आधी कान टवकारले होते. तर आत हे महाशय १९४० च्या दशकातल्या अमेरिकी शहराच्या इवल्या इमारती रंगवत बसलेले! २०१९ मध्ये ते शहर ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकात झळकलं. ते त्यांनी स्वतः बांधलेलं नसणार अशी कुजबूज रेडिओवर झाली, तेव्हा गृहस्थांनी थेट कार्यक्रमात फोन करून ठणकावलं की बहुतेक काम माझ्याच हातचं आहे. लपवाछपवी राहिली बाजूला, इथे श्रेयासाठी भांडण!

पण मंडळी, खरा गुन्हेगार तळघरात नाही. तो आहे जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावी. मेर्कलिन नावाची कंपनी. १८५९ मध्ये बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची पत्र्याची भांडीकुंडी करत सुरू झालेली. संस्थापक लवकर गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी कॅरोलिनबाईंनी तो धंदा नेटानं सांभाळला. म्हणजे घराणं कसं अगदी सोज्वळ! याच घराण्यानं १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या आगगाडीला ठरावीक मापांचे रूळ दिले, आणि १९३५ मध्ये १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची टेबलावर मावणारी विजेची गाडी आणली. इथेच सगळं बिघडलं.

बाकीच्या बहुतेक कंपन्या पुढे दोन रुळांच्या, एकदिश प्रवाहाच्या वाटेनं गेल्या. मेर्कलिननं तसं केलं नाही. मध्ये तिसरा रूळ, त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह, आणि इंजिनाच्या पोटाखाली तो उचलणारी लांब पट्टी. पुढे मधला रूळ दिसायला वाईट म्हणून काढला, पण त्याच्या जागी स्लीपरांमधून डोकावणारे बारीक धातूचे ठिपके बसवले. डोळ्यांना दोन रूळ, विजेला तीन! ही जोडणी कंपनीनं आजतागायत सोडलेली नाही. परिणाम काय, तर आजोबांचं १९४७ चं इंजिन नातवाच्या कालपरवा आणलेल्या रुळावर ठेवा, ते मुकाट्यानं चालू लागतं. म्हणजे ही भानगड गिऱ्हाइकानं केलेलीच नाही. कारखान्यानं दोघींना मुद्दाम एका उंबऱ्याआत आणून ठेवलं आणि वर हात झटकले.

आता आतली गोष्ट. दोघी एका घरात नांदतात, पण वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. जुनीला दिशा बदलायला सांगायचं तर ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्टचा एक झटका द्यायचा. आतला रिले खट्‌कन उलटतो, आणि कधीकधी बाईसाहेब जागच्या जागी चक्क उडी मारतात! हाच झटका नवीच्या डिकोडरला, म्हणजे हुकूम समजून घेणाऱ्या नाजूक चिपला, बसला तर ती जळायची भीती. मेर्कलिनचे जुने निळे ट्रान्सफॉर्मर तर २२० व्होल्टच्या काळातले. आजच्या २३० व्होल्टवर त्यांचा झटका आणखीच जोरकस. उलट, नवीसाठी सोडलेल्या डिजिटल प्रवाहावर जुनीला उभं केलं, तर हुकूम न समजल्यामुळे ती सुसाट सुटते आणि पहिल्याच वळणावर टेबलाखाली. म्हणून हुशार माणसं दोन वेगळी वर्तुळं घालतात, किंवा मध्ये एक बटण बसवून पाळ्या लावतात.

काहींना एवढाही धीर नाही. ते जुनीचं पोट उघडून आत डिकोडर बसवतात. शिव शिव! सत्तर वर्षांच्या इंजिनाच्या पोटात चिप! जुनीवाल्यांच्या बैठकीत हा विषय निघाला की चहा तसाच निवतो. नवीचे नखरे मात्र सगळे खपवून घेतले जातात. २०१३ नंतरच्या मेर्कलिनच्या काही इंजिनांत असा खेळ आहे की चालता चालता कोळसा, पाणी आणि वाळू ‘संपते’. भरल्याचं नाटक करेपर्यंत बाईसाहेब धड चालत नाहीत. आजोबांची गाडी बिचारी तेलाच्या थेंबावर पिढ्या काढते, आणि हिला खोट्या कोळशाचीही भूक लागते.

म्हणाल, जुनीत एवढं काय आहे? ते चोरांना विचारा. २००५ च्या जानेवारीत ग्योपिंगेनच्या मेर्कलिन संग्रहालयात दरोडा पडला. १० लाख युरोंहून अधिक किमतीचा जुना माल लंपास झाला, पुढे सापडलाही. दरोडेखोरांनी नव्या गाड्यांसाठी जिवावर उदार झाल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही.

आणि जुनी म्हटलं की मेर्कलिनच्या ‘मगरी’चं नाव निघतंच. स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड घाटात धावणारं लांब नाकाचं विजेचं इंजिन. त्याची टेबलावरची आवृत्ती कंपनीनं १९४७ मध्ये काढली. नाक मुरडण्याआधी आपलं घर बघा. याच मगरीच्या जातीची इंजिनं १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या बोरघाटात मालगाड्या ओढत होती. उभी असताना कण्हायची, चालताना विचित्र सळसळायची, म्हणून इथल्या रेल्वेवाल्यांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं. त्यातला एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात अजून उभा आहे. तेव्हा या प्रकरणात आपलेही हात अगदीच स्वच्छ नाहीत. त्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये उघडलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय. वाफेच्या, डिझेलच्या, विजेच्या, सगळ्या एकाच चिमुकल्या गावात, आणि पुणेकर तिकीट काढून मुलाबाळांसकट बघायला जातात. पुण्यात! आणि कोणी पाटी लावून निषेधसुद्धा केलेला नाही.

अमेरिकेतही हीच कथा. तिथल्या लायनेल कंपनीनं १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची गाडी काढली. मुलींनी तोंड फिरवलं. त्यांना खऱ्यासारखी काळी गाडीच हवी होती. दुकानांत धूळ खाल्लेली ती गुलाबी बया आज संग्राहकांच्या गळ्यातला ताईत आहे. आणि नवी बाजू कोणी रेटली? रॉक गायक नील यंग यांनी. त्यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा दांडा त्याच्या हाताला जमेना. मुलालाही गाडी चालवता यावी म्हणून यंग रिमोटच्या मागे लागले, आणि १९९५ मध्ये लायनेल विकत घेणाऱ्यांत सामीलही झाले. हे ऐकल्यावर नवीला नावं ठेवताना आमचीसुद्धा जीभ जरा अडखळली, खरं सांगायचं तर.

जीभ अडखळली की डोकं चालतं. जुनीकडे आवाजाची चिप नाही, म्हणून तिची शिट्टी आपणच तोंडानं वाजवायची. नवी सगळं स्वतः बोलते, म्हणून आपण नुसतं बघत राहायचं. एकीपाशी मूल व्हायचं, दुसरीपाशी स्टेशनमास्तर. दोन्हींची हौस असलेल्या माणसानं एकीवर का भागवावं, याचं उत्तर काही आम्हाला सापडलं नाही.

तेव्हा आमच्या कट्ट्यावर एकमतानं असं ठरलं, की दोन ठेवणाऱ्यांना माफी. बहिष्कार घालायचाच तर तो दुसऱ्याच टोळीवर. ही माणसं जुनीही घेतात, नवीही घेतात, आणि खोकं उघडतच नाहीत. न उघडलेल्या मालाला भाव जास्त म्हणे! इंजिनाच्या मोटारीतलं तेल सुकून गोंद झालं तरी चालेल, पण खोक्याचा कोपरा चेपता कामा नये. रिकाम्या खोक्याचासुद्धा वेगळा सौदा होतो. रूळ असून गाडी न चालवणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते छापता येणार नाही. कट्ट्यावर या, तोंडी सांगू.