आधी एमबीबीएस, मग नटसम्राट

2016 पासून काही वर्षं राज्य मंडळ दहावीच्या मुलांची कलचाचणी घेत असे. कृषी, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा, यांतलं मुलाला काय मानवेल, ते कागदावर मिळायचं. कागद कपाटात जायचा, मुलगा सायन्सला. 'ललित कला' आली असेल, तर तो कागद पाहुण्यांच्या नजरेस पडणार नाही, एवढी काळजी घेतली की झालं.

मराठी घरांचं कलेशी वैर आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. फक्त आधी एक पदवी लागते. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, काशीनाथ घाणेकर दंतवैद्य, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. लागूंनी 1969 साली, चाळिशी उलटल्यावर, डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नाटक धरलं. पालकांनी यातून काय घेतलं? नटसम्राट व्हायचंय ना, मग आधी नीट दे!

ज्यांचं तिथेही जमत नाही, त्यांना स्पर्धा परीक्षा आहेतच. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. शुल्क खुल्या वर्गाला 1,000 रुपये, राखीव वर्गाला 900. अर्जदारांत इंजिनिअरही होते. सातबारा आणि फेरफार यांची तरुणांना एवढी ओढ असेल, असं वाटलं नव्हतं!

पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवर खोल्या चालवणाऱ्यांनी मात्र करिअर अगदी अचूक निवडलंय. तेही एकही पूर्वपरीक्षा न देता.